वेबमिन वापरा, पण त्याचं लॉगिन पान इंटरनेटवर ठेवू नका: सुरक्षित मांडणीची सविस्तर पद्धत

भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर वेबमिन हे सर्व्हर सांभाळण्याचं वेब पॅनल बसवलं की युजर तयार करणं, क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) लावणं, डिस्क किती भरली ते पाहणं, अपाचेवर नवी साइट चढवणं ही सगळी कामं ब्राउझरमध्ये होतात. जेमी कॅमरनने हे साधन पर्ल भाषेत लिहिलं आणि १९९७ मध्ये ते पहिल्यांदा बाहेर आलं. आजही ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे, त्यावर नियमित काम चालू आहे. मात्र ते बसवण्याच्या बहुतेक सूचना ‘फायरवॉलमध्ये १०००० पोर्ट उघडा आणि ब्राउझरमध्ये पत्ता टाका’ असं सांगून संपतात. ही शेवटची पायरीच करायची नाही.

वेबमिनचा स्वतःचा छोटा वेब सर्व्हर असतो, त्याचं नाव मिनीसर्व्ह. तो रूट, म्हणजे सर्व्हरवर सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून चालतो. डिस्क माउंट करायची, पासवर्ड बदलायचे, सेवा सुरू-बंद करायच्या तर दुसरा इलाजही नाही. याचा अर्थ असा की ज्याला पासवर्ड सापडला किंवा लॉगिनच्या आधीच चालणारी एखादी त्रुटी सापडली, तो थेट रूट होतो. साध्या वेबसाइटमध्ये शिरलेल्या हल्लेखोराला आधी वेब सर्व्हरचा मर्यादित युजर मिळतो आणि पुढे रूटपर्यंत पोचायला आणखी धडपड करावी लागते. इथे मधली पायरीच नाही. म्हणून लॉगिन पान बाहेर दिसताच कामा नये. मोठा पासवर्ड, फोनवरचा कोड, आयपीची यादी हे सगळं हवंच, पण त्यानंतर.

हा आग्रह कशासाठी, हे २०१८-१९ मधल्या प्रकरणावरून कळतं. एप्रिल २०१८ मध्ये वेबमिनच्या बिल्ड सर्व्हरमध्ये कोणीतरी शिरलं आणि पासवर्ड बदलण्याच्या सीजीआय स्क्रिप्टमध्ये मागचा दरवाजा ठेवून गेलं. फाइलची तारीख मागे नेऊन ठेवल्यामुळे गिटमधल्या (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) कोडच्या तुलनेत बदल दिसलाच नाही. गिटहबवरचा कोड स्वच्छ होता, खोट होती ती तयार पॅकेजमध्ये. १.८९० आवृत्तीत लॉगिन न करता बाहेरून आज्ञा चालवता येत होत्या, तेही मूळ सेटिंग जसंच्या तसं असताना. पुढच्या १.९०० ते १.९२० या आवृत्त्यांत मुदत संपलेला पासवर्ड बदलण्याची सोय चालू असेल तरच तो दरवाजा उघडायचा. ऑगस्ट २०१९ मध्ये १.९३० आली आणि तो कोड निघाला. वर्षभराहून अधिक काळ लोक अधिकृत ठिकाणाहून, नेमाने अपडेट करूनही तो दरवाजा असलेल्या आवृत्त्या वापरत होते. पासवर्ड कितीही मोठा असता तरी या हल्ल्यापुढे उपयोग नव्हता. ज्यांचा १०००० पोर्ट बाहेरून बंद होता, त्यांच्यापर्यंत तो हल्ला पोचूच शकत नव्हता.

हे एकट्या वेबमिनचं दुखणं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनल या दुसऱ्या होस्टिंग पॅनलच्या लॉगिनआधीच्या त्रुटीतून इंटरनेटवर उघडे असलेले हजारो सर्व्हर रॅन्समवेअरच्या तावडीत सापडले.

एक सूचना: खालच्या आज्ञा, फाइलींची नावं आणि मेनू उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंगच वापरायचं.

मुळात वेबमिन लागतं का?

सेवा चालू आहेत का, लॉग काय म्हणतात, डिस्क आणि मेमरी किती उरली, एवढंच पाहायचं असेल तर कॉकपिट हे साधं वेब पॅनल पुरेसं आहे. ते डेबियन, उबुंटू, फेडोरा यांच्या स्वतःच्या भांडारात (सॉफ्टवेअर पॅकेजच्या अधिकृत साठ्यात) मिळतं, त्यामुळे सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या वितरणाकडूनच (डिस्ट्रोकडूनच) येतात. कॉकपिटमध्ये तुम्ही ज्या युजरने शिरता त्याच्याच अधिकारात काम होतं. त्याचा पोर्ट ९०९०, आणि खाली सांगितलेली बोगद्याची, म्हणजे एसएसएच या सुरक्षित लॉगिनच्या जोडणीतून पॅनलची वाहतूक नेण्याची, पद्धत त्यालाही जशीच्या तशी लागू पडते. बाइंड डीएनएस, पोस्टफिक्स, मायएसक्यूएल, सांबा अशा अनेक सेवा एकाच ठिकाणून हाताळायच्या असतील तेव्हा मात्र वेबमिनला तोड नाही.

बसवण्याआधी

तीन गोष्टी तयार हव्यात. पहिली, होस्टिंग कंपनीच्या पॅनलमधला कन्सोल. नेटवर्क पूर्ण तुटलं तरी तिथून सर्व्हरच्या स्क्रीनवर जाता येतं. तो उघडतो का, त्यातून लॉगिन होतं का, हे आजच करून पाहा. अनेक क्लाउड इमेजमध्ये कोणत्याच युजरला पासवर्ड नसतो, फक्त एसएसएच किल्ली असते, आणि कन्सोलला तर पासवर्डच लागतो. दुसरी, सर्व्हरचा ताजा स्नॅपशॉट, म्हणजे या क्षणाची पूर्ण प्रत. तिसरी, नीट बंदोबस्त केलेलं एसएसएच, कारण यापुढे सगळा भार त्याच्यावर येणार आहे.

एसएसएचसाठी ईडी२५५१९ प्रकारची किल्ली तयार करा, तिला पासफ्रेज ठेवा, किल्लीने आत जाता येतंय याची खात्री करा आणि मगच पासवर्डने लॉगिन बंद करा. इथे उबुंटूच्या क्लाउड इमेजवर बरेच जण फसतात. एसएसएचडीच्या मुख्य फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहितात, पण एसएसएचडी_कॉन्फिग.डी या फोल्डरात क्लाउड-इनिटने टाकलेली ५० क्रमांकाची फाइल असते आणि तिच्यात ‘येस’ असतं. एसएसएचडी जे मूल्य आधी वाचतो तेच धरतो, आणि या फोल्डरातल्या फाइली आधी वाचल्या जातात. परिणामी पासवर्ड लॉगिन चालूच राहतं. नुसती फाइल पाहून विश्वास ठेवू नका. ‘सुडो एसएसएचडी -टी’ (यातला टी मोठ्या लिपीतला) चालवा. प्रत्यक्ष लागू असलेली सगळी सेटिंग त्यात दिसतात. लहान टी वापरला तर फाइलमध्ये लिखाणाची चूक आहे का तेवढंच तपासलं जातं. सेवा रीस्टार्ट करण्याआधी तेही जरूर करा.

मग फायरवॉल. वेबमिनचं पॅकेज बसताक्षणी सगळ्या पत्त्यांवर १०००० पोर्ट ऐकू लागतं, त्यामुळे फायरवॉल आधी चालू हवी, नंतर नव्हे. यूएफडब्ल्यू (उबुंटूची सोपी फायरवॉल) वापरत असाल तर क्रम असा: प्रथम ओपनएसएसएचला परवानगी, मग येणारं बाकी सगळं नाकारण्याचं मूळ धोरण, मग वेबसाइट असेल तर ८० आणि ४४३, आणि शेवटी ‘यूएफडब्ल्यू एनेबल’. पहिली आणि शेवटची पायरी उलटी झाली तर स्वतःच बाहेर राहाल. १०००० साठी कोणताही नियम लिहायचा नाही. होस्टिंग कंपनीची वेगळी नेटवर्क फायरवॉल असेल तर तीही लावा. सर्व्हरवर डॉकर (ॲप्स वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) असेल तर ती हवीच, कारण डॉकरने बाहेर काढलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून उघडे राहतात.

बसवणं

वेबमिन डेबियन-उबुंटूच्या अधिकृत भांडारात नाही. प्रकल्पाची भांडार जोडणारी स्क्रिप्ट त्यांच्या गिटहबवर असते. ती डाउनलोड करून डोळ्यांखालून घाला आणि मग सुडोने चालवा. इंटरनेटवरून आलेली स्क्रिप्ट पाइप लावून थेट रूटच्या शेलमध्ये ओतण्याची सवय मोडा. ही स्क्रिप्ट भांडाराचा पत्ता आणि सही तपासण्याची किल्ली जोडते. त्यानंतर ‘एपीटी’ने नेहमीसारखं वेबमिन बसवायचं, सोबत सुचवलेली पॅकेजही घ्यायची. कोणाच्या तरी ब्लॉगवरची जुनी पॅकेज फाइल उचलून बसवू नका. तिच्यासोबत भांडार जोडलं जाईलच असं नाही, आणि मग अपडेट येणारच नाहीत.

पॅनल फक्त सर्व्हरच्या आतून दिसेल असं करणं

एटसी फोल्डरातल्या वेबमिन फोल्डरात मिनीसर्व्ह.कॉन्फ ही फाइल आहे. त्यात ‘बाइंड=१२७.०.०.१’ अशी ओळ टाका; हा पत्ता म्हणजे सर्व्हर स्वतः. ‘लिसन=१००००’ ही ओळ काढून टाका. ‘पोर्ट=१००००’ आणि ‘एसएसएल=१’ राहू द्या. मग ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट वेबमिन’. हेच काम पॅनलमधून वेबमिन कॉन्फिगरेशन, मग पोर्ट्स अँड ॲड्रेसेस या पानावरही होतं, पण पहिल्यांदा फाइलमधून केलेलं बरं. म्हणजे पॅनल एकदाही बाहेर दिसत नाही.

‘लिसन’ची ओळ अनेकांच्या नजरेतून सुटते. तिचा संबंध टीसीपीशी नाही. जवळपासचे इतर वेबमिन सर्व्हर शोधता यावेत म्हणून वेबमिन यूडीपी १०००० वरही ऐकतं, ती सोय या ओळीने चालू होते. खोटा पत्ता घातलेली पाकिटं पाठवून दोन सर्व्हरना एकमेकांना अखंड उत्तरं देत ठेवण्याची त्रुटी यातच सापडली होती. ती २.२०२ आवृत्तीत दुरुस्त झाली. एकट्या सर्व्हरला या सोयीचा काहीच उपयोग नाही, बंदच ठेवा.

आता तपासा. ‘सुडो एसएस -एलएनटीयूपी’ चालवून १०००० असलेली ओळ शोधा. पत्त्याच्या जागी १२७.०.०.१:१०००० दिसलं पाहिजे. ०.०.०.०:१०००० किंवा चौकोनी कंसात दोन कोलन दिसले तर पॅनल अजून सगळीकडे ऐकतंय. दोन कोलन म्हणजे आयपीव्ही६. आयपीव्ही४ चे नियम नीट लावलेले असतात आणि आयपीव्ही६ वरून तेच पॅनल सताड उघडं असतं, असं पुष्कळदा आढळतं. दुसरी तपासणी बाहेरून: फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून सर्व्हरच्या पत्त्यावर १०००० उघडून पाहा. काहीच येता कामा नये. ऑफिसच्या नेटवरून तपासू नका, कारण होस्टिंग फायरवॉलमध्ये ऑफिसचा पत्ता आधीच मुभा दिलेला असला तर निकाल दिशाभूल करतो.

पोर्ट बदलून १०००० चा २३४५६ केल्याने लॉगमधली गर्दी कमी होते, इतकंच. सगळे पोर्ट चाळणाऱ्याला तोही सापडतो. त्याला सुरक्षा म्हणू नका.

बोगद्यातून आत

आपल्या संगणकावर ही आज्ञा: ‘एसएसएच -एल १००००:१२७.०.०.१:१०००० युजर@सर्व्हर’. यातला एल मोठ्या लिपीतला. पहिला १०००० आपल्या संगणकावरचा, पुढचा पत्ता आणि पोर्ट सर्व्हरच्या दृष्टीने. ही खिडकी उघडी ठेवून ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून लोकलहोस्ट:१०००० उघडा. विंडोज १० पासून पुढे एसएसएच आतच येतं. पुट्टी वापरणाऱ्यांनी कनेक्शन, एसएसएच, टनेल्स इथे सोर्स पोर्ट १००००, डेस्टिनेशन १२७.०.०.१:१०००० भरून ‘ॲड’ दाबायचं, आणि मग सेशन सेव्ह करायचं. ‘ॲड’ न दाबता कनेक्ट केलं तर बोगदा तयारच होत नाही आणि पुट्टी त्याबद्दल काही बोलतही नाही.

सर्टिफिकेटची तक्रार ब्राउझर करणारच, कारण वेबमिन स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट घेऊन येतं. इथे ती स्वीकारायला हरकत नाही. वाहतूक आधीच एसएसएचच्या आतून जाते आहे आणि सर्व्हरची ओळख एसएसएचने पटवलेली आहे. मात्र हीच सवय उघड्या इंटरनेटवरच्या पॅनलला लावली तर मधे बसलेल्या माणसाला पासवर्ड आपल्या हाताने दिल्यासारखं होईल.

काही अडलं तर एसएसएचच्या खिडकीतला संदेश वाचा. ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्हली प्रोहिबिटेड’ म्हणजे सर्व्हरच्या एसएसएच सेटिंगमध्ये ‘अलाउटीसीपीफॉरवर्डिंग’ बंद आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे बोगदा ठीक आहे, वेबमिन चालू नाही किंवा दुसऱ्या पत्त्यावर ऐकतंय. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणजे आपल्याच संगणकावर १०००० अडकलेला आहे, बहुधा मघाशी बंद न केलेल्या बोगद्यामुळे.

एकापेक्षा जास्त सर्व्हर असतील तर प्रत्येकाला आपल्या बाजूला वेगळा पोर्ट द्यावा लागतो: १०००१, १०००२ असे. यात एक विचित्र अडचण येते. दोन टॅबमध्ये दोन सर्व्हर उघडले की एकात लॉगिन करताच दुसरा बाहेर काढतो. वेबमिन बिघडलेलं नसतं. ब्राउझर कुकी होस्टच्या नावावर ठेवतो, पोर्टप्रमाणे वेगळी करत नाही, त्यामुळे लोकलहोस्टची एकच सेशन कुकी दोघांत पुसली जाते. प्रत्येक सर्व्हरला वेगळं ब्राउझर प्रोफाइल ठेवा. तसंही पॅनलसाठी स्वतंत्र प्रोफाइल हवंच, ज्यात एकही एक्स्टेन्शन नसेल. पानावरचं सगळं वाचण्याची परवानगी घेतलेलं एखादं कूपन शोधणारं एक्स्टेन्शन रूटच्या पॅनलमध्येही तेवढंच वाचू शकतं. पोर्ट वेगळे असताना ‘अनोळखी ठिकाणाहून लिंक आली’ अशी वेबमिनची सूचना दिसली तर ट्रस्टेड रेफरर्स पानावर फक्त लोकलहोस्ट जोडा. ती तपासणीच बंद करू नका. दुसऱ्या टॅबमधलं फसवं पान तुमच्या चालू सेशनमधून पॅनलला आज्ञा देऊ नये, म्हणून ती आहे.

बोगदा उघडताना आपल्या बाजूचा पत्ता ०.०.०.० देऊ नका. तसं केलं तर त्याच वायफायवरचा कोणीही तुमच्या लॅपटॉपमार्गे पॅनलपर्यंत पोचतो.

रोज चार-पाच जणांना पॅनल लागत असेल तर प्रत्येकाने बोगदा काढण्यापेक्षा वायरगार्ड (खासगी व्हीपीएन) सोयीचं. मग ‘बाइंड’मध्ये वायरगार्डचा सर्व्हरकडचा पत्ता द्यायचा, आणि त्या इंटरफेसवरून १०००० ला परवानगी द्यायची. इथली ठरलेली अडचण म्हणजे सर्व्हर रीबूट झाल्यावर वेबमिन उठत नाही. वेबमिन वायरगार्डच्या आधी सुरू होतं, तेव्हा तो पत्ताच अस्तित्वात नसतो. ‘सिस्टमसीटीएल एडिट वेबमिन’ करून युनिट विभागात ‘आफ्टर’ म्हणून वायरगार्डची सेवा लिहिली की प्रश्न मिटतो.

युजर, पासवर्ड आणि दुसरा टप्पा

उबुंटूवर रूटला पासवर्ड नसतो, तरी लॉगिन होतं, कारण ज्याला सुडोने सगळं चालवता येतं त्याला वेबमिन स्वतःच्या सिस्टम पासवर्डने रूट म्हणून आत घेतं. सुरुवातीला हे सोयीचं आहे, कायम ठेवण्यासारखं नाही. सगळे रूटच्या नावाने वावरू लागले की कोणी काय केलं ते कळत नाही. वेबमिन युजर्स या पानावर प्रत्येक माणसासाठी वेगळा युजर तयार करा, पासवर्ड मॅनेजरमधून निघालेला २० किंवा अधिक अक्षरांचा पासवर्ड द्या, आणि त्याच विभागातल्या युनिक्स ऑथेंटिकेशनच्या पानावर सुडोवाल्यांना रूट म्हणून घेण्याची खूण काढून टाका. काढण्याआधी नव्या युजरने दुसऱ्या प्रोफाइलमधून लॉगिन करून पाहा.

दुसरा टप्पा, म्हणजे फोनमधल्या ॲपवरचा ६ अंकी कोड, वेबमिन कॉन्फिगरेशनमधल्या टू-फॅक्टर पानावरून चालू होतो. त्याला पर्लचं ऑथेन-ओएटीएच हे मॉड्यूल लागतं, डेबियन-उबुंटूवर ते एपीटीने मिळतं. नंतर प्रत्येक युजरने स्वतःचा क्यूआर कोड स्कॅन करायचा. कोड बरोबर असूनही नाकारला जात असेल तर सर्व्हरचं घड्याळ पाहा. कोड ३० सेकंदांवर बदलतो, घड्याळ एक-दोन मिनिटं मागे असेल तर जुळणार नाही. क्रोनी किंवा सिस्टमडीची वेळ जुळवणारी सेवा चालू ठेवा.

फोन हरवला तर एसएसएचने आत जाऊन एटसी-वेबमिनमधली मिनीसर्व्ह.युजर्स फाइल उघडायची, आपल्या ओळीतला ‘टीओटीपी’ हा शब्द आणि त्यापुढची गुप्त किल्ली काढायची, कोलन जागच्या जागी ठेवायचे आणि वेबमिन रीस्टार्ट करायचं. पासवर्ड विसरला तर वेबमिनसोबत येणारी चेंजपास.पीएल स्क्रिप्ट आहे. तिला सेटिंगचं फोल्डर, युजर आणि नवा पासवर्ड या क्रमाने द्यायचे. शेलच्या इतिहासात तो पासवर्ड राहतो, म्हणून आत शिरल्यावर पॅनलमधून पुन्हा बदला. दोन्ही उपाय एसएसएचवर अवलंबून आहेत, म्हणूनच एसएसएचच्या किल्लीची एक जादा प्रत सुरक्षित जागी हवी.

ऑथेंटिकेशन पानावर निष्क्रिय राहिल्यास आपोआप लॉगआउट १० मिनिटांवर ठेवा. तिथेच चुकीच्या प्रयत्नांनंतर पत्ता अडवण्याची सोय आहे: मूळ सेटिंगमध्ये ५ चुका झाल्या की ६० सेकंद. बोगद्यातून येणाऱ्या सगळ्यांचा पत्ता १२७.०.०.१ च दिसतो, त्यामुळे एकाने पाचदा चुकीचा पासवर्ड टाकला की सगळेच मिनिटभर अडकतात. घाबरून सेवा रीस्टार्ट करू नका, थांबा. याच कारणाने बोगद्याच्या मांडणीत आयपी ॲक्सेस कंट्रोलचा उपयोग एवढाच की तिथे फक्त १२७.०.०.१ लिहून ठेवायचा. उद्या कोणी चुकून ‘बाइंड’ची ओळ काढली तर तो दुसरा अडसर म्हणून उभा राहील.

मर्यादित युजर खरोखर मर्यादित असतो का?

वेबमिनमध्ये एखाद्याला ठरावीक मॉड्यूलच देता येतात, आणि ‘याला फक्त क्रॉन दिलंय’ असं म्हणून लोक निश्चिंत होतात. पण जो रूटच्या नावाने क्रॉन लावू शकतो तो रूटच आहे. हीच गोष्ट टर्मिनल, कमांड शेल, कस्टम कमांड्स, फाइल मॅनेजर, बूटअप अँड शटडाउन, सॉफ्टवेअर पॅकेजेस, वेबमिन कॉन्फिगरेशन आणि वेबमिन युजर्स यांची. यातलं एकही मॉड्यूल दिलं तर त्या माणसाला पूर्ण सर्व्हर दिला असं समजा. मॉड्यूलच्या आतले बारीक अधिकार लावता येतात, क्रॉन ठरावीक युजरपुरतं ठेवता येतं, तरीही त्यावर पूर्ण भिस्त नको. १.९१० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत पॅकेज अपडेटचं मॉड्यूल मिळालेला साधा युजर रूट होऊ शकत होता, आणि १.९९० च्या आधी फाइल मॅनेजरमध्ये तसाच घोळ होता. ज्याला फक्त स्वतःची मेल आणि स्वतःच्या फाइली पाहायच्या आहेत त्याच्यासाठी यूझरमिन हे वेगळं साधन आहे. ते मूळ सेटिंगमध्ये २०००० पोर्टवर चालतं आणि काम त्या युजरच्याच अधिकारात होतं.

अपडेट: इथेच बरेच सर्व्हर मागे राहतात

उबुंटूवर अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू असतं, त्यामुळे ‘सुरक्षेचे अपडेट आपोआप होतात’ असा समज असतो. ते मूळ सेटिंगमध्ये वितरणाच्या स्वतःच्या सुरक्षा भांडारापुरतंच काम करतं. बाहेरून जोडलेल्या वेबमिनच्या भांडाराला ते हात लावत नाही. म्हणजे कर्नल आणि ओपनएसएसएल ताजं, आणि रूटचं पॅनल दोन वर्षं जुनं, अशी अवस्था सहज होते. ‘एपीटी-कॅश पॉलिसी’मध्ये वेबमिनच्या भांडाराचं ओरिजिन पाहून ते एपीटीच्या सेटिंगमधल्या ५० क्रमांकाच्या अनअटेंडेड-अपग्रेड्स फाइलमध्ये जोडा, नाहीतर आठवड्याचा एक ठरलेला दिवस धरून हाताने ‘एपीटी अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ करा. अपडेटनंतर वरची ‘एसएस’ची तपासणी पुन्हा करायची. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

रोजच्या कामात

वेबमिन स्वतःचा वेगळा डेटाबेस ठेवत नाही, थेट एटसीमधल्या फाइली बदलतं. त्यामुळे हाताने केलेले बदल आणि पॅनलमधले बदल एकत्र नांदू शकतात, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण एकाच फाइलवर दुसरं साधनही हक्क सांगत असेल, तर गुंता होतो. यूएफडब्ल्यू चालू असताना वेबमिनच्या लिनक्स फायरवॉल मॉड्यूलमधून नियम जतन केले तर रीबूटनंतर कोणते नियम टिकतील सांगता येत नाही. एक काहीतरी ठरवा. ॲन्सिबलने (सर्व्हरची सेटिंग फाइलींतून आपोआप लावणारं साधन) सांभाळलेल्या सर्व्हरवर तर वेबमिन फक्त पाहण्यासाठी वापरावं.

एटसीकीपर बसवा. एटसी फोल्डर गिटमध्ये ठेवणारं हे छोटं साधन आहे, डेबियन-उबुंटूच्या भांडारात मिळतं. पॅनलमध्ये काही बदलण्याआधी एक कमिट, बदलल्यावर फरक पाहायचा, मग दुसरा कमिट. एका बटणामागे कुठल्या कुठल्या फाइली बदलल्या ते ओळीनिशी दिसतं, आणि बिघडलं तर मागे फिरता येतं. या गिटमध्ये पासवर्डचे हॅश आणि खासगी किल्ल्याही असतात, ते बाहेरच्या कुठल्याही रेपोवर ढकलायचं नाही.

फायरवॉल, नेटवर्क किंवा एसएसएचची सेटिंग बदलताना एक वेगळी एसएसएच खिडकी उघडी ठेवा आणि परतीची सोय आधी लावा. फायरवॉल बदलत असाल तर ‘एटी’ हे पॅकेज बसवून १० मिनिटांनी ‘यूएफडब्ल्यू डिसेबल’ चालेल असं काम नोंदवायचं, मग बदल करायचा, मग नव्या खिडकीतून लॉगिन करून पाहायचं. लॉगिन झालं तर ‘एटीक्यू’ने कामाचा क्रमांक पाहून ‘एटीआरएम’ने ते रद्द करायचं. नाही झालं तर १० मिनिटांनी दार आपोआप उघडतं. रद्द करायला विसरलात तर फायरवॉल गुपचूप बंद पडेल, त्यामुळे शेवटी ‘यूएफडब्ल्यू स्टेटस’ पाहूनच उठायचं.

पॅनल महिन्यातून एक-दोनदाच लागत असेल तर ‘सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ वेबमिन’ करून टाका आणि गरज पडेल तेव्हा एसएसएचने ‘स्टार्ट’ करा. पॅकेज अपडेट झाल्यावर ते पुन्हा चालू झालेलं नाही ना, तेवढं पाहा.

लॉग, आणि संशय आला तर

वेबमिनचे लॉग वार फोल्डरातल्या वेबमिन फोल्डरात असतात. मिनीसर्व्ह.लॉगमध्ये प्रत्येक विनंती, मिनीसर्व्ह.एररमध्ये चुका, वेबमिन.लॉगमध्ये कोणी काय बदललं ते. शेवटचा लॉग पॅनलमध्ये वेबमिन ॲक्शन्स लॉग म्हणून वाचता येतो. लॉगिंगच्या पानावर काय काय बदललं याची फाइलींसकट नोंद ठेवण्याचा पर्याय चालू करा, आणि लॉग ठरावीक तासांनी साफ होण्याचं सेटिंग काय आहे ते पाहा. भारतातल्या कंपन्या आणि सेवा पुरवठादारांना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. पुण्या-मुंबईतल्या लहान कंपनीचा सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही हे माहीत हवं. लॉगची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर जात राहिली पाहिजे, कारण रूट मिळालेला माणूस पहिल्यांदा इथलेच लॉग पुसतो.

तुम्ही न केलेली नोंद दिसली, अनोळखी क्रॉन दिसला, किंवा पासवर्ड फाइलमध्ये ० क्रमांकाचा (म्हणजे रूटच्या अधिकारांचा) दुसरा युजर दिसला, तर साफसफाईला लागू नका. होस्टिंग कंपनीच्या फायरवॉलमधून सगळी वाहतूक तोडा, फक्त तुमचा पत्ता ठेवा. त्याच अवस्थेतला स्नॅपशॉट घ्या. मग प्रत्येक युजरची ऑथोराइज्ड_कीज, सिस्टमडीच्या नव्या सेवा आणि एटसीमधली एलडी.एसओ.प्रीलोड फाइल पाहा. ही फाइल सहसा नसतेच, असली तर ती कोणी आणि कशासाठी ठेवली ते शोधा. हे पाहायचं ते फक्त काय घडलं ते समजण्यासाठी. रूटपर्यंत कोणी पोचलेलं असेल तर तो सर्व्हर पुन्हा विश्वासात घेता येत नाही. नवा सर्व्हर उभा करायचा, घटनेच्या आधीच्या बॅकअपमधून फक्त डेटा आणायचा, प्रोग्राम भांडारातून नव्याने बसवायचे. जुन्या सर्व्हरवर असलेली प्रत्येक गुप्त गोष्ट बदलायची: डेटाबेसचे पासवर्ड, मेलचे पासवर्ड, टीएलएसची खासगी किल्ली, पेमेंट गेटवेच्या एपीआय किल्ल्या, आणि त्या सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर जाणाऱ्या एसएसएच किल्ल्या. बॅकअप जिथे जातो त्या साठवणुकीची किल्लीही त्यातच येते, आणि ती बदलेपर्यंत बॅकअपही सुरक्षित धरायचे नाहीत.